गाठ गळ्यात, मूळ कुठे?

विट्याजवळच्या एका माध्यमिक शाळेत ‘पेशी’ या विषयावर बोलण्यासाठी मी गेलो होतो. तास संपला, मुले डबे घेऊन बाहेर पळाली. नववीतली एक मुलगी मात्र फळ्यापाशी रेंगाळत राहिली. वर्ग रिकामा झाल्यावर ती हळू आवाजात म्हणाली, ‘‘सर, एक विचारू? माझ्या आजीला अकरा वर्षांपूर्वी छातीचा कॅन्सर झाला होता. ऑपरेशन झालं, बरी झाली. आता तिच्या गळ्यात थायरॉइडला गाठ आलीय. मिरजेचे डॉक्टर म्हणाले, ही गाठ थायरॉइडची असेल, नाहीतर जुन्या कॅन्सरचीसुद्धा असेल. छातीतला कॅन्सर गळ्यात कसा जाईल, सर?’’

मी विचारले, ‘‘छातीचा म्हणजे फुप्फुसाचा की स्तनाचा?’’ तिने मान खाली घातली आणि ‘‘दुसरा,’’ एवढेच म्हणाली.

तिला जे सांगितले तेच आज तुम्हाला सांगणार आहे, आणि त्याबरोबर माझे एक मतही मांडणार आहे. ते असे की, ज्या घरात कर्करोगाचा रुग्ण आहे किंवा होता, त्या घरातल्या शाळकरी मुलाने किंवा मुलीने रुग्णाच्या कागदपत्रांचा ताबा स्वतःकडे घ्यावा. तुम्हाला हसू येईल. कागदांनी कुठे रोग बरा होतो? पण जरा धीर धरा.

आधी ‘कसा जाईल’ हे पाहू. कृष्णा नदी महाबळेश्वरला उगम पावते आणि वाई, कराड करीत सांगलीला येते. समजा, कराडजवळच्या एका पडीक रानातले गाजर गवताचे बी पुराच्या पाण्यात पडले, वाहत वाहत सांगलीकडच्या हळदीच्या शेतात आले आणि तिथे रुजले. त्या रोपाला तुम्ही काय म्हणाल? हळदीत उगवले म्हणून हळद म्हणाल काय? मुळीच नाही. ते कुठेही उगवो, गाजर गवतच राहील. त्याची पाने तशीच, फुले तशीच, आणि त्याचा बंदोबस्तही गाजर गवताचाच करावा लागेल.

कर्करोगाच्या पेशींचे असेच आहे. स्तनातल्या गाठीपासून काही पेशी सुटतात. काही लसीकावाहिन्यांतून काखेतल्या लसीका ग्रंथींत जातात, तर काही रक्तात शिरतात. शिरांतून हृदयाच्या उजव्या भागात, तिथून फुप्फुसात, परत हृदयाच्या डाव्या भागात आणि तिथून रोहिण्यांवाटे शरीरात कुठेही, असा हा प्रवास आहे. वाटेत बहुतेक पेशी मरतात. एखादी मात्र दूरच्या अवयवात तग धरते आणि वाढू लागते. अशी दुय्यम गाठ हाडात असो, यकृतात असो की थायरॉइडमध्ये असो, तिच्यातल्या पेशी स्तनाच्याच असतात. म्हणून डॉक्टर तिला ‘थायरॉइडमध्ये पसरलेला स्तनाचा कर्करोग’ म्हणतात, थायरॉइडचा कर्करोग म्हणत नाहीत. हा केवळ शब्दांचा कीस नव्हे, हे पुढे कळेलच.

पुरात पडलेले बी जिथे पोहोचेल तिथे रुजतेच असे नाही. पाटणच्या डोंगरात पिकणारा भात माणच्या माळावर पेरला तर काय होईल, हे तुमच्यापैकी शेतकऱ्यांच्या मुलांना सांगायला नको. स्टीफन पॅजेट या इंग्रज शल्यचिकित्सकाने हाच विचार १८८९ साली मांडला. स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या ७३५ रुग्णांच्या नोंदी त्याने चाळल्या. यकृतात दुय्यम गाठी होत्या २४१ जणींच्या, आणि प्लीहेत अवघ्या १७ जणींच्या. प्लीहेलाही भरपूर रक्त मिळते. पेशी नुसत्या रक्ताबरोबर वाहत जाऊन अडकत असत्या तर एवढा फरक पडण्याचे कारण नव्हते. म्हणून पॅजेट म्हणाला की, बी सगळीकडे जाते, पण त्याला मानवणारी जमीन मिळाली तरच ते वाढते. सव्वाशेहून अधिक वर्षे झाली तरी हा विचार टिकून आहे.

आता थायरॉइड, म्हणजे अवटू ग्रंथी, पाहा. कंठमण्याच्या खाली, श्वासनळीला बिलगून बसलेली ही फुलपाखराच्या आकाराची ग्रंथी सुमारे २० ग्रॅम वजनाची असते. आवंढा गिळला की ती वर-खाली होते. आरशासमोर पाणी पिऊन पाहा. एवढीशी ग्रंथी, पण रक्तपुरवठा मोठा थाटाचा! एक ग्रॅम थायरॉइडला मिळणारे रक्त एक ग्रॅम मूत्रपिंडाला मिळणाऱ्या रक्ताहून जास्त भरते. मग परक्या पेशींनी इथे गर्दी करायला हवी. प्रत्यक्षात थायरॉइडमध्ये कळून येणाऱ्या दुय्यम गाठी फार थोड्या असतात. स्तनाचा कर्करोग हाडे, फुप्फुसे, यकृत आणि मेंदू इथे अधिक जातो. शास्त्रज्ञांचा एक तर्क असा की, थायरॉइडमधले रक्त इतक्या वेगाने वाहते की पेशीला चिकटायला सवडच मिळत नाही. नदीच्या मुख्य धारेत काडी थांबत नाही, वळणावरच्या संथ पाण्यात थांबते, तसे. दुसरा तर्क असा की, इथला भरपूर ऑक्सिजन आणि आयोडीन कर्कपेशींना मानवत नसावे. आधीच गलगंड किंवा जुना दाह असलेल्या थायरॉइडमध्ये दुय्यम गाठी अनेकदा आढळतात. या निरीक्षणाशी हे तर्क जुळतात, पण त्यांना शेवटचा शब्द समजू नका.

इथे आकड्यांची एक गंमत सांगतो. थायरॉइडच्या कर्करोगाच्या संशयाने शस्त्रक्रिया झालेल्या शंभर रुग्णांत दुय्यम गाठ असणारे फार तर दोन-तीन निघतात. पण कर्करोगाने मृत्यू पावलेल्यांच्या शवविच्छेदनात थायरॉइड तपासली, तर हे प्रमाण एका अहवालात शंभरात १, तर दुसऱ्या अहवालात शंभरात २४ असे आढळले आहे. एवढी तफावत का? एकाने ग्रंथीचे दोन काप पाहिले असतील, दुसऱ्याने वीस. जितके बारीक पाहावे तितके जास्त सापडते. वर्तमानपत्रात एखादा टक्का वाचाल, तेव्हा तो कुणी, कसा मोजला, हे विचारायची सवय लावून घ्या.

परत त्या आजीकडे येऊ. स्तनाच्या कर्करोगातून बरी झालेल्या बाईच्या गळ्यात गाठ आली, तर तीन शक्यता असतात. पहिली, आणि सर्वांत जास्त संभवणारी, म्हणजे साधी गाठ. थायरॉइडच्या बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतातच, आणि बायकांमध्ये अशा साध्या गाठी पुष्कळ आढळतात. दुसरी शक्यता थायरॉइडच्या स्वतःच्या, नव्याने झालेल्या कर्करोगाची. तिसरी जुन्या रोगाची. अकरा वर्षांनी जुना रोग कसा येईल, असे म्हणू नका. स्तनाच्या काही प्रकारच्या कर्करोगांत पेशी वर्षानुवर्षे सुप्त राहतात आणि वीस वर्षांनीही डोके वर काढतात.

बाहेरून हात लावून या तिघींतला फरक कळत नाही. तिन्ही गाठी दुखल्याशिवाय वाढू शकतात. आवाज घोगरा होणे, घास अडकणे, आडवे झाल्यावर श्वास लागणे ही लक्षणे आली तर तपासणी तातडीने हवी, पण ती लक्षणेही गाठीचे कूळ सांगत नाहीत. इथे एक चूक घरोघरी होते. रक्ताची ‘थायरॉइड टेस्ट’ करतात, ती बरोबर निघते आणि घरचे निर्धास्त होतात. अहो, ती तपासणी ग्रंथीचे काम नीट चालले आहे की नाही एवढेच सांगते! कारखान्याचा माल वेळेवर बाहेर पडतो आहे, म्हणून कोठारात चोर शिरलाच नाही असे ठरत नाही. थायरॉइडमध्ये कर्करोग असूनही बहुतेकांचा हा रक्ताचा अहवाल निर्दोष असतो.

खरा उलगडा होतो तो सोनोग्राफी आणि सुई यांनी. सोनोग्राफीत गाठीचा आकार, कडा आणि आतली घडण दिसते. मग नेहमीच्या इंजेक्शनच्या सुईसारखीच किंवा तिच्याहूनही बारीक सुई गाठीत घालून थोड्या पेशी ओढून घेतात, त्या काचपट्टीवर पसरून रंगवतात आणि विकृतिशास्त्रज्ञ त्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो. भूल द्यावी लागलीच तर तेवढ्याच जागेपुरती. दहा-पंधरा मिनिटांचे काम! तरीही ‘सुई लावली की गाठ पसरते’ या समजुतीने कित्येक बाया महिनोन् महिने घरी बसतात. थायरॉइडच्या गाठीत सुईच्या वाटेने रोग पसरल्याची उदाहरणे फार दुर्मीळ आहेत. सुईच्या भीतीने वेळ घालवून होणारे नुकसान मात्र दुर्मीळ नाही. या बाबतीत मला मध्यममार्ग दिसत नाही. पूर्वी कर्करोग झालेल्या व्यक्तीच्या गळ्यात नवी गाठ आली, आणि सोनोग्राफी पाहून डॉक्टरांनी सुईची तपासणी सांगितली, तर ती करावी. ‘गलगंडच असेल’ म्हणून लेप लावीत बसू नये.

आता खरा पेच येतो. सूक्ष्मदर्शकाखाली कर्कपेशी दिसल्या, पण त्या थायरॉइडच्या की स्तनाच्या? दोन्हीकडच्या पेशी कधीकधी इतक्या सारख्या दिसतात की जाणकारही चकतो. तेव्हा पेशींना त्यांच्या गावाची खूण विचारावी लागते. थायरॉइडच्या पेशी थायरोग्लोब्युलिन नावाचे प्रथिन बनवतात. ते दुसऱ्या कुठल्या अवयवाच्या पेशी बनवीत नाहीत. या प्रथिनाला जाऊन चिकटणारी प्रतिपिंडे काचपट्टीवर टाकली आणि पेशींवर तपकिरी रंग उमटला, तर पेशी थायरॉइडच्या. रंग उमटला नाही आणि त्याऐवजी गाटा-३ नावाच्या प्रथिनाची किंवा ईस्ट्रोजेन या संप्रेरकाच्या ग्राहीची खूण उमटली, तर बोट स्तनाकडे वळते. मात्र एकाच साक्षीदारावर खटला चालवीत नाहीत. थायरॉइडचे काही उग्र कर्करोग थायरोग्लोब्युलिन बनवणे सोडून देतात, आणि ईस्ट्रोजेनचे ग्राही थायरॉइडच्याही काही गाठींत सापडतात. म्हणून चार-पाच खुणा एकत्र पाहाव्या लागतात.

‘छातीचा कॅन्सर’ हा शब्द किती घोटाळ्याचा आहे, ते इथे कळते. थायरॉइडची आणखी एक खूण आहे, टीटीएफ-१ नावाची. ती फुप्फुसाच्या कर्करोगातही उमटते, आणि फुप्फुसाचा कर्करोगही थायरॉइडमध्ये जाऊ शकतो. लाजेपोटी ‘छातीचा’ म्हटले आणि जुना कागद जवळ नसला, तर तपासणाऱ्याने कुठल्या खुणा शोधायच्या? शाळेत ‘हृदय’ म्हणताना कुणी हसत नाही, ‘स्तन’ म्हटले की मागचे बाक खुसखुसतात. शिक्षकांना माझे सांगणे आहे की, तेव्हा धडा पुढे ढकलू नका. तो शब्द दहादा उच्चारा, खुसखुस आपोआप थांबते.

सर्वांत भक्कम साक्षीदार असतो तो जुनी गाठ स्वतः. शस्त्रक्रियेत काढलेली गाठ फॉर्मॅलिनमध्ये मुरवून मेणाच्या छोट्या ठोकळ्यात बसवतात. त्याला ‘ब्लॉक’ म्हणतात. त्याचे काही सहस्रांश मिलिमीटर जाडीचे काप काढून तपासतात आणि उरलेला ठोकळा क्रमांक घालून जपून ठेवतात. तो वर्षानुवर्षे टिकतो. जुना ठोकळा आणि नव्या पेशी शेजारी शेजारी ठेवल्या की जी शंका सुटत नव्हती ती बहुधा सुटते. पण ठोकळा सापडायचा कसा? क्रमांकावरून. आणि क्रमांक असतो कागदावर.

आपल्या सातारा-सांगलीची अडचण इथेच आहे. उपचाराच्या सोयी नाहीत असे नव्हे. मिरजेत डॉक्टर वानलेस यांचे रुग्णालय १८९४ पासून, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६२ पासून. कराडला कृष्णा वैद्यकीय महाविद्यालय १९८४ पासून. मिरजेत खास कर्करोगाचे रुग्णालयही आहे. पण आपली माणसे विखुरलेली आहेत. साताऱ्याकडचा मुलगा मुंबईत माथाडी कामगार, म्हणून आईची शस्त्रक्रिया परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात. खानापूर-आटपाडीकडची घरे गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या, व्यवसायात देशभर पसरलेली, म्हणून बाईचे उपचार चुलत्याकडे केरळात नाहीतर तमिळनाडूत. पुढची औषधे कराडला आणि दहा वर्षांनी तपासणी मिरजेला. रोगाचा सगळा इतिहास एका प्लॅस्टिकच्या पिशवीत असतो आणि ती पिशवी दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून खाली येते, ती परत वर जातेच असे नाही.

त्या मुलीच्या घरी हेच झाले होते. आजीची शस्त्रक्रिया कोइमतूरला, गलाईवाल्या काकांकडे असताना झाली होती. घर रंगवताना निम्मे कागद गेले. मी तिला म्हटले, ‘‘अगं, रुग्णालयातून घरी सोडताना मिळालेला एखादा कागद तरी शोध. त्यावर नोंदणीचा क्रमांक असेल.’’

कुणी विचारेल, नाव कुठलेही असो, कर्करोग तो कर्करोग, गाठ कापून टाकली की झाले! तसे नाही. थायरॉइडच्या नेहमीच्या कर्करोगात शस्त्रक्रियेने ग्रंथी काढतात आणि गरज पडल्यास किरणोत्सारी आयोडीन पाजतात. थायरॉइडच्या पेशी आयोडीन ओढून साठवतात, त्यामुळे आयोडीन-१३१ हे समस्थानिक नेमके त्यांच्यापर्यंत पोहोचते आणि त्यांना मारते. याचा अर्धायुःकाल आठ दिवसांचा आहे. स्तनाच्या कर्कपेशी आयोडीन तसे साठवीत नाहीत. त्यांच्यावर हा बाण चालतच नाही. शिवाय ग्रंथी काढली की जन्मभर थायरॉक्सिनची गोळी घ्यावी लागते, आणि स्वरयंत्राकडे जाणारी नाजूक नस दुखावण्याचा धोका असतो तो निराळाच. एवढे सोसून मूळ रोग तसाच राहिला तर काय मिळवले?

स्तनाचा कर्करोग थायरॉइडपर्यंत पोहोचला, याचा अर्थ पेशी रक्तातून फिरल्या आहेत आणि आणखी कुठे असू शकतात. म्हणून उपचार साऱ्या शरीराला पोहोचणारा हवा. ग्लासगोच्या जॉर्ज बीटसन या शल्यचिकित्सकाने १८९६ साली बीजांडकोश काढल्यावर स्तनाचा पसरलेला कर्करोग आक्रसल्याचे दाखवले. संप्रेरके आणि ही गाठ यांचा संबंध आहे, याचा तो पहिला मोठा पुरावा. आज तेच काम गोळ्या करतात. पेशींवर ईस्ट्रोजेनचे ग्राही असतील तर टॅमॉक्सिफेन किंवा ईस्ट्रोजेन बनूच न देणारी औषधे देतात. ‘हर-टू’ नावाचे ग्राही जास्त असतील तर ट्रॅस्टुझुमॅब हे प्रतिपिंड वापरतात, जे १९९८ पासून उपलब्ध झाले. दोन्ही नसतील तर मुख्यतः रसायनोपचार. गाठ श्वासनळी दाबू लागली, किंवा साऱ्या शरीरात ती एकटीच असली, तर मात्र शस्त्रक्रियेचा विचार होतो, कधी प्रारणांचाही. असा पसरलेला रोग समूळ जाणे क्वचितच घडते, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. पण योग्य औषध मिळाले तर कित्येक रुग्ण काही वर्षे चांगल्या रीतीने घालवतात, आणि योग्य औषध कोणते हे पेशींच्या खुणांवरून ठरते. या खुणा काळाने बदलूही शकतात. म्हणून जुना अहवाल हवा आणि नवी सुईही हवी.

तेव्हा एक दोनशे पानी वही घ्या. तिच्यात शस्त्रक्रियेची तारीख, रुग्णालय, नोंदणी क्रमांक, विकृतिशास्त्राच्या अहवालावरचा ठोकळ्याचा क्रमांक, ग्राहींचे निकाल आणि दिलेली औषधे लिहून काढा. अहवालाच्या दोन छायाप्रती काढा, फोनमध्ये फोटोही ठेवा. पण फोन हरवतो, हे विसरू नका. अहवाल इंग्रजीत असतो आणि घरातल्या मोठ्यांना तो वाचता येईलच असे नाही. तुम्हाला अक्षरे लावून तरी वाचता येतात. ज्या शब्दाचा अर्थ लागत नाही तो डॉक्टरांना विचारा. तुम्ही लहान आहात म्हणून ते सांगणार नाहीत, असे आधीच धरून चालू नका. निदान मात्र वहीवरून करू नका आणि आजीला औषधेही सुचवू नका. ते तुमचे काम नव्हे.

त्या मुलीला ट्रंकेच्या तळाशी, रेशनकार्डात घडी घालून ठेवलेला एक पिवळा पडलेला कागद सापडला. काकांनी तो क्रमांक घेऊन रुग्णालयात अर्ज केला आणि अकरा वर्षांपूर्वीचा ठोकळा मिळाला. मिरजेत दोन्ही पेशी ताडून पाहिल्या. थायरोग्लोब्युलिनचा रंग उमटला नाही, गाटा-३ आणि ईस्ट्रोजेन-ग्राहींचा उमटला. जुनीच ओळख होती ती. कण्यातही एक लहानसा ठिपका सापडला. आजीची थायरॉइड काढली नाही. तिला रोजच्या गोळ्या सुरू केल्या. सहा महिन्यांनी केलेल्या सोनोग्राफीत गाठ निम्म्याहून कमी झाली होती. आवाज अजून थोडा घोगरा आहे, पण ती रानात जाते. पुढची तपासणी दिवाळीच्या सुट्टीत आहे आणि मिरजेला जाताना वही आपणच नेणार, असे नातीने घरात सर्वांना बजावून ठेवले आहे.